पुण्यात बी.एड. करायचं, तर हिशेब कसा मांडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती पुण्यात राहून किंवा बाहेरगावाहून पुण्यात येऊन बी.एड. करू पाहणाऱ्या पदवीधरांसाठी आहे. जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथला आकडा उदाहरणापुरता आहे, तिथे तुमचा आकडा घाला. वही आणि पेन घेऊनच बसा, कारण तोंडी हिशेबात बी.एड. नेहमी स्वस्त वाटतं.

बी.एड. झाल्यावर नक्की कोणत्या वर्गाला शिकवता येतं?

पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. तिथे बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. (जुनं डी.एड.) लागतं. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. जुन्या जाहिराती आणि जुने व्हिडिओ पाहून अजूनही अनेक जण ‘बी.एड. केलं की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं खुलं’ असं धरून चालतात.

सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. पुरतं, टीईटीची अट नाही. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवं. म्हणजे बी.एड. ही किल्ली एकच असली, तरी तुमच्या मूळ पदवीवर कुलूप बदलतं.

दोन वर्षांचा खरा खर्च किती?

लोक फी विचारतात आणि तिथेच थांबतात. फी हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे या दोन वर्षांत न मिळालेला पगार.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी असते. अनुदानित महाविद्यालयात ती बरीच कमी असते, पण तिथल्या जागा मोजक्या. समजा फी वर्षाला ६०,००० रुपये. दोन वर्षांचे झाले १,२०,०००. परीक्षा फी, गणवेश, तक्ते, कार्डशीट, पाठ टाचणांच्या (पाठाच्या लेखी आराखड्यांच्या) वह्या, प्रकल्पांच्या प्रिंट आणि बाइंडिंग, शैक्षणिक सहल यांना मिळून ३०,००० धरा. बसला महिन्याला हजार रुपये धरून वीस महिन्यांचे २०,०००. एकूण १,७०,०००.

आता सुटणारा पगार. समजा आज तुम्हाला १५,००० मिळतात आणि दरवर्षी ८ टक्के वाढ होते. पहिल्या वर्षी १,८०,००० गेले. दुसऱ्या वर्षी पगार १६,२०० झाला असता, म्हणजे १,९४,४०० गेले. दोन्ही मिळून ३,७४,४००. त्यात वरचे १,७०,००० मिळवले की ५,४४,४०० रुपये. हा तुमच्या बी.एड.चा खरा आकडा.

इथे एक चूक हमखास होते. सुटलेला पगार मोजला असेल, तर घरचं जेवणखाण पुन्हा खर्चात घेऊ नका. जेवण तुम्ही नोकरी करतानाही करतच होता. मात्र लातूर किंवा नंदुरबारहून पुण्यात येणार असाल, तर कॉटबेसिसची खोली आणि मेस हा जादा खर्च आहे, तो पूर्ण धरा. समजा खोली ४,००० आणि मेस ३,५००, तर वीस महिन्यांचे १,५०,००० वाढले. खोलीची अनामत वेगळी. ती परत मिळते, म्हणून ती खर्च नव्हे, पण प्रवेशाच्या वेळी हातात रोख लागते.

शिकता शिकता नोकरी जमते का?

पूर्णवेळ नोकरी जमत नाही, आणि याला नियमच आडवा येतो. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला ३६ तास असा अभ्यासक्रमाचा आराखडा आहे. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, तर शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची असते: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे १६ आठवडे तुम्ही जवळजवळ पूर्णवेळ शिक्षकच असता, फक्त पगार नसतो.

बाहेरून हलक्या वाटणाऱ्या गोष्टी किती वेळ खातात, त्यासाठी पहिल्या सत्रातलं सूक्ष्म अध्यापन बघा. प्रचलित पद्धतीत एका चक्राला ३६ मिनिटं लागतात: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटं टाचणाची फेररचना, पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि पुन्हा ६ मिनिटं प्रत्याभरण. यात कौशल्य एकच, उदाहरणार्थ फलकलेखन किंवा प्रश्न विचारणं. गटात दहा जण असतील, तर एका कौशल्याला सहा तास गेले. तुमची पाळी छत्तीस मिनिटांची असली, तरी बाकी वेळ विद्यार्थी किंवा निरीक्षक म्हणून मागे बसावंच लागतं. आदल्या रात्री टाचण लिहायचं ते वेगळं. नवख्याला एका पाठाच्या टाचणाला दोन तास सहज लागतात, कारण उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं पाठ्यपुस्तकातून उतरवली की मार्गदर्शक ते परत करतात.

संध्याकाळच्या शिकवण्या जमतात, रविवारचा क्लास जमतो. इंटर्नशिपच्या १६ आठवड्यांत त्याही निम्म्यावर येतात. हिशेबात शिकवण्यांचं उत्पन्न धरणार असाल, तर बाराऐवजी आठ महिन्यांचं धरा.

‘हजर राहावं लागणार नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारी महाविद्यालयं असतात. घ्यावं का?

नाही. फी जास्त, शिवाय पदवीला कायमचा धोका. नोकरीच्या वेळी कागद तपासताना एकाच काळातलं अनुभव प्रमाणपत्र आणि नियमित बी.एड. समोरासमोर आलं, की दोन्हींवर शंका येते. शिवाय वर्गापुढे उभं राहिल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत उघडं पडायला होतं, ते निराळंच. परराज्यातलं महाविद्यालय असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या संकेतस्थळावर त्याच्या मान्यतेचा आदेश बघा: अभ्यासक्रम कोणता, प्रवेशक्षमता किती आणि मान्यता चालू आहे की काढून घेतलीय. पन्नास विद्यार्थ्यांचा एक गट असतो. मान्यता पन्नासची आणि यादी दीडशेची असेल, तर तिथून निघा.

फी माफ होते का? कोणाला?

मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही यात येत नाहीत. खुल्या गटातल्या मुलांना ८ लाखांच्या आत राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी तिची रक्कम भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये.

पैसे अडतात ते पात्रतेवर नव्हे, कागदावर. महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज भरला, पण बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा आहे. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपलं. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून आहे आणि कारकुनाने तो पुढे ढकललेलाच नाही. शेवटचं सगळ्यात जास्त घडतं. अर्ज भरल्यावर पंधरा दिवसांनी स्थिती बघा, ‘महाविद्यालय स्तरावर प्रलंबित’ दिसलं तर खिडकीशी जाऊन उभे राहा.

माफी म्हणजे ‘शिक्षण शुल्क’ आणि परीक्षा शुल्क माफ. विकास निधी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ओळखपत्र अशा नावांची रक्कम उरतेच. प्रवेशाच्या दिवशी फीची फोड लेखी मागा.

प्रवेश कसा होतो आणि तिथे काय चुकतं?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची बी.एड. सीईटी द्यावी लागते: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमातून करायचं असेल, तर इंग्रजीची वेगळी चाचणी असते. अर्ज हिवाळ्यात सुटतात तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांचं लक्ष परीक्षेकडे असतं आणि तारीख निघून जाते. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के, राखीव गटासाठी ४५ टक्के गुण लागतात. ४९.२ टक्के म्हणजे ५० नव्हेत. पदवीला कमी पडले असतील, तर पदव्युत्तर पदवीचे ५० टक्के चालतात.

कॅपचे पसंतीक्रम भरताना पुण्यातली नावाजलेली चार महाविद्यालयं टाकून फॉर्म बंद करू नका. हडपसर, भोसरी, तळेगाव पट्ट्यातलीही टाका, नाहीतर शेवटी व्यवस्थापन कोट्याची जागा घ्यावी लागते आणि वरची माफी हातची जाते.

कर्ज काढून करावं का?

समजा दोन हप्त्यांत एकेक लाख उचलले आणि व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या लाखाला तीन वर्षांचं ३०,०००, दुसऱ्याला दोन वर्षांचं २०,०००. परतफेड सुरू होते तेव्हा अंगावर अडीच लाख असतात. पाच वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता महिन्याला सुमारे ५,३०० रुपये. खासगी शाळेतल्या सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता काढला की पुण्यात राहणं अवघड होतं. आमचं मत: फीपुरतं कर्ज समजण्यासारखं आहे, राहण्याखाण्यासाठी नको. शक्य असेल तर व्याज दरमहा भरत राहा. पहिल्या वर्षी ते महिन्याला आठशे-साडेआठशे असतं, आणि तेवढं भरलं तर मुद्दल फुगत नाही.

अनुदानित शाळेत पगार किती?

सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. तीन वर्षं पूर्ण झाली की वेतनश्रेणी सुरू होते. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० आहे, प्राथमिकच्या डी.एड. शिक्षकाची २९,२०० पासून.

३८,६०० मूळ वेतनाची पावती उलगडून बघू. महागाई भत्ता ५० टक्के धरू, म्हणजे १९,३००. पुणे शहर एक्स वर्गात (मोठ्या शहरांच्या गटात) असल्याने घरभाडे भत्ता ३० टक्के, ११,५८०. एकूण ६९,४८०. यातून राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कापले जातात, ५,७९०. व्यवसाय कर २००. हातात उरले ६३,४९०. वाहतूक भत्ता आणि गटविमा वगैरे किरकोळ बाबी सोडल्यात. पेन्शन खात्यात शासनही १४ टक्के घालतं, म्हणजे ८,१०६ रुपये. ते पावतीच्या खालच्या ओळीत दिसत नाहीत, पण ते तुमचेच. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून वयस्कर सरांच्या पेन्शनवरून आपला अंदाज बांधू नका.

हीच नोकरी भोरच्या आतल्या गावात लागली, तर घरभाडे भत्ता १० टक्क्यांवर, ३,८६० वर येतो. हातात ५५,७७०. तिथे राहिलात तर खर्चही कमी. कोथरूडमधून रोज ये-जा करणार असाल, तर भत्ता गावचा आणि खर्च शहराचा अशी गत होते.

आणि विनाअनुदानित किंवा इंग्रजी शाळेत?

इथे एक आकडा सांगणं म्हणजे फसवणं होईल. औंध-बाणेर भागातली आंतरराष्ट्रीय म्हणवणारी शाळा आणि उपनगरातली तीन मजली इमारतीतली शाळा यांच्या पगारात दुप्पट-तिप्पट अंतर असतं. त्यामुळे महिन्याचा आकडा विचारण्याआधी पुढच्या गोष्टी विचारा.

वर्षाला पगार बारा महिन्यांचा की दहा? अनेक ठिकाणी नेमणूक जून ते मार्च किंवा एप्रिल असते आणि मेमध्ये हात कोरडा. २०,००० रुपये दहा महिने म्हणजे वर्षाला २ लाख, महिन्याला सरासरी १६,६६७. पदवीवरच्या ज्या १५,००० च्या नोकरीवर तुम्ही पाणी सोडलं, तिथे दोन वर्षांत १७,५०० झाले असते.

पगार बँकेत येतो का आणि आलेल्यातला काही रोख परत मागतात का? ही प्रथा उघडपणे कोणी सांगत नाही. त्याच शाळेतल्या दोन शिक्षिकांना खासगीत विचारलं की कळतं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? देऊ नका, सत्यप्रती द्या. भविष्य निर्वाह निधी कापतात का? वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर तो लागू आहे.

ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही मिळते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. सूत्र सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २०,००० वेतनावर सहा वर्षांचे ६९,२३१ रुपये होतात. मात्र कायम नोकरीत पाच वर्षं सलग लागतात (मुदतीच्या नेमणुकीला नोव्हेंबर २०२५ पासून एक वर्ष), आणि दरवर्षी एप्रिलमध्ये मोकळं करून जूनमध्ये नव्याने नेमणूक देण्यामागे बहुतेक हेच गणित असतं. प्रत्येक नेमणूकपत्र जपून ठेवा.

मान्यताप्राप्त खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम लागू आहे. नोकरीवरून काढलं, तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं. ‘बघू, संस्थाचालकांशी बोलू’ यात हेच तीस दिवस जातात.

‘वीस टक्के अनुदानावरची शाळा आहे, पुढे शंभर होईल’ म्हणतात. घ्यावी का?

टप्पा अनुदान म्हणजे शासन वेतनाचा तेवढाच हिस्सा देतं: २०, ४०, ६० आणि पुढे. पुढचा टप्पा कधी मिळेल याची हमी नसते, त्यासाठी शिक्षक वर्षानुवर्षं आंदोलनं करत आलेत. उरलेला हिस्सा संस्थेने द्यायचा असतो आणि तो बहुतेक कागदावरच राहतो.

अशा ठिकाणी किंवा पूर्ण अनुदानित जागेसाठीही ‘देणगी’ मागितली जाते. नैतिकता बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार बघितला, तरी तो आतबट्ट्याचा आहे. पद मंजूर आहे का, हे दरवर्षीच्या संचमान्यतेवर (पटसंख्येवरून होणाऱ्या पदमंजुरीवर) ठरतं. पटसंख्या घसरली की पद जातं. पद असलं तरी तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते आणि शालार्थ (शासनाच्या पगार प्रणालीतला) क्रमांक मिळाल्याशिवाय पगार निघत नाही. दिलेल्या पैशाची पावती नसते, म्हणून मान्यता नाकारली गेली तर परत मागायला तोंड नसतं. २ मे २०१२ च्या भरतीबंदीनंतर झालेल्या कित्येक नेमणुका मान्यतेवाचून अडकल्या. ती माणसं आज चाळिशी ओलांडून गेलीत.

भरती होते कशी? किती थांबावं लागतं?

दोन परीक्षा आणि एक पोर्टल. टीईटी ही पात्रता परीक्षा, १५० गुणांची. खुल्या गटाला ६० टक्के, राखीवला ५५ टक्के लागतात. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही चालते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागणार आहे, त्यामुळे परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी तुमचे जुने सर बसलेले दिसले तर दचकू नका.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही स्पर्धा आहे: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथल्या गुणांवर पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलवरची निवड होते. टीईटी आणि टेट ही नावं इतकी जवळची आहेत की एक दिल्यावर दुसरी झाली असं समजणारे दरवर्षी सापडतात. टेट आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. ‘बी.एड. झालं की जूनमध्ये रुजू’ हा हिशेब म्हणूनच चालत नाही. दोन वर्षं थांबावं लागेल असं धरा, चार वर्षांची मनाची तयारी ठेवा.

दोन्ही परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद पुण्यातच, कॅम्पात आहे, आणि शिक्षण आयुक्तांचं कार्यालय सेंट्रल बिल्डिंगमध्ये. याचा फायदा एवढाच की तक्रार हातोहात देऊन पोच घेता येते. ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र फाटकाबाहेरच सोडा. २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरव्यवहारात सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली.

मग पैसे वसूल कधी होतात?

वरचाच ५,४४,४०० चा आकडा घेऊन तीन वाटा बघू. जुन्या नोकरीत दरवर्षी ८ टक्के वाढ झाली असती, हे गृहीत कायम.

खासगी शाळा, २०,००० रुपये, वर्षाला दहा महिने: वसूल होत नाही. वर्षाची मिळकत जुन्या नोकरीपेक्षा कमीच भरते.

खासगी शाळा, ३०,००० रुपये, पूर्ण बारा महिने: जुन्या नोकरीत तेव्हा १७,५०० असते, म्हणजे फरक महिन्याला १२,५००. पुढे हाच फरक राहिला, तर ४४ महिने, पावणेचार वर्षांच्या आत.

अनुदानित शाळा: समजा आधी दोन वर्षं वाट बघितली आणि त्या काळात दहा महिन्यांच्या पगारावर खासगीत शिकवलं. जुन्या नोकरीच्या तुलनेत सुमारे ३७,००० चा तोटा. मग तीन वर्षं शिक्षण सेवक, १८,००० वर. जुना पगार तोवर २०,४०० ते २३,८०० झाला असता, म्हणून आणखी १,४७,००० चा तोटा. भरून काढायचे एकूण ७,२८,०००. सातव्या वर्षाच्या अखेरीस वेतनश्रेणी लागली, हातात ६३,४९०, जुना पगार २५,७०० असता. फरक महिन्याला ३७,७९०. वीस महिन्यांत सगळं वसूल, आणि तिथून निवृत्तीपर्यंत नफाच.

म्हणजे बी.एड.चा खर्च सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखा, पण मिळकत पूर्णपणे कोणत्या दारातून आत गेलात यावर ठरते. फीमध्ये दहा हजार वाचवायला चार महाविद्यालयं फिरण्यापेक्षा तेवढा वेळ टेटच्या सरावाला दिला, तर जास्त पैसे हाती लागतात. आज ३५,००० मिळत असतील, तर निव्वळ सुटलेला पगारच पावणेनऊ लाखांच्या आसपास जातो. तिथे दहा महिन्यांच्या खासगी शाळेसाठी बी.एड. करणं पैशाच्या दृष्टीने चुकीचं ठरेल.

कोणत्या विषयाला मागणी आहे?

सहावी ते दहावीला भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं असतात. तुमची पदवी यात बसते का, हे आधी बघा. गणित, विज्ञान आणि इंग्रजीवाल्यांना खासगीत तरी काम लवकर मिळतं. इतिहास, मराठीला उमेदवार जास्त. बी.कॉम. असाल तर दहावीपर्यंत तुमचा विषयच नाही. एम.कॉम. करून अकरावी-बारावीचा विचार करा, म्हणजे दोन वर्षांचा नव्हे, चार वर्षांचा हिशेब मांडा.

केंद्रीय विद्यालयात कंत्राटी जागा निघतात, त्या कशा?

वाट बघण्याच्या काळासाठी चांगल्या. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट मुलाखती होतात. पदवीधर शिक्षकाला २६,२५० आणि पदव्युत्तरला २७,५०० असे दर बरीच वर्षं होते, आजचा दर जाहिरातीत बघा. पुण्यात गणेशखिंड, सदर्न कमांड, एनडीए अशा ठिकाणी ही विद्यालयं आहेत. कायम जागेची गोष्टच निराळी: पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ४४,९०० पासून, पण नेमणूक देशात कुठेही.

एक वर्षाचं बी.एड. येणार म्हणतात. थांबू का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने नियमांचा मसुदा काढला, त्यात ते आहे. पण ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी. तीन वर्षांची पदवी असेल, तर थांबून उपयोग नाही. एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांना थांबायचं असेल, तर थांबण्याचं एक वर्ष आणि वाचणारं एक वर्ष यांची वजाबाकी शून्य येते, हे ध्यानात घ्या. बारावीच्या मुलांनी मात्र चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम जरूर बघावा. पदवी तीन अधिक बी.एड. दोन, अशा पाचातलं एक वर्ष तिथे सरळ वाचतं.

मी आधीच शाळेत शिकवतोय. मुक्त विद्यापीठातून होईल का?

होईल, पण सगळ्यांना नाही. दूरस्थ बी.एड. हे आधीच प्रशिक्षित, म्हणजे डी.एड. वगैरे केलेल्या शिक्षकांसाठी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम याच चौकटीत येतो. पात्र असाल, तर यासारखा स्वस्त मार्ग नाही, कारण सुटणारा पगार शून्य. नुसती पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव यावर प्रवेश मिळत नाही. संपर्कसत्रांची रजा शाळेकडून आधी लेखी घ्या.

वय ३४ आहे. उशीर झालाय का?

राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि राखीव गटाला ४३ ही मर्यादा असते. आज प्रवेश घेतला, तर ३६ ला पदवी. त्यानंतर खुल्या गटातल्या उमेदवाराच्या वाट्याला टेटची एखादीच संधी येते. खासगी शाळांना वयाची अट नसते, पण पस्तिशीनंतर नव्याने येणाऱ्याला त्या सुरुवातीचाच पगार देतात.